परतीच्या आधीचे आठवडे आणि डॉइचलँड तिकीट: घ्यावं का? घ्यावंच

जर्मनीतलं शिक्षण संपलंय, परतीचं विमान ठरलंय, हातात महिना-दीड महिना उरलाय आणि जिवाभावाची माणसं अजून तिथेच वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली आहेत. अशा अवस्थेत असलेल्या आपल्या खान्देशातल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. यावल, फैजपूर, अमळनेर अशा गावांमधून हल्ली ओळखीच्या ओळखीने फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: शेवटचे दिवस कसे घालवू, पॅरिस-स्वित्झर्लंडचं पॅकेज घेऊन टाकू का? घरच्यांचाही तोच आग्रह असतो, एवढ्या लांब गेलाच आहेस तर सगळं बघून घे. मी सगळ्यांना सांगते, पॅकेज राहू द्या. डॉइचलँड तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, काढा, मित्रांकडे जा आणि मित्रांना घेऊन फिरा. का, ते सांगते. तिकिटात काय कमी आहे तेही सांगते, कारण त्या गोष्टी माहीत नसल्या तर शेवटच्या महिन्यात फुकटचा ताप होतो.

मी भुसावळची. पप्पा रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे टाइमटेबल वाचायची सवय लहानपणापासूनची. माग्डेबुर्गला मास्टर्स केलं आणि २०२५च्या सप्टेंबरअखेर घरी परत आले. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने हे तिकीट माझ्या मोबाइलमध्ये होतं, त्यावरून हे मत.

आधी तिकीट म्हणजे काय ते. २०२२च्या जून ते ऑगस्टमध्ये जर्मन सरकारने ९ युरोचं महिन्याचं तिकीट काढलं होतं. त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि त्यातून १ मे २०२३ला डॉइचलँड तिकीट सुरू झालं. तेव्हा ४९ युरो, २०२५मध्ये ५८, आणि २०२६च्या जानेवारीपासून ६३ युरो महिना. मी ५८ने घेतलं. युरो शंभरीच्या आसपास धरला तर सहा हजाराच्या आत. या पैशांत संपूर्ण देशातल्या रेगिओनाल (म्हणजे स्थानिक) गाड्या, एस-बान म्हणजे लोकल, ऊ-बान म्हणजे मेट्रो, ट्राम आणि शहरातल्या बस, सगळं चालतं, महिनाभर, कितीही वेळा. चालत नाहीत त्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या: आयसीई, आयसी, ईसी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पॅसेंजर आणि लोकल फुकट, सुपरफास्टला हात लावायचा नाही. फक्त तिथली पॅसेंजर दुमजली असते, तिला एसी असतो, आणि शंभर-दीडशेच्या वेगाने धावते. पप्पांना फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी डबे किती, थांबे किती, सिंगल लाइन की डबल, सगळं विचारून घेतलं आणि मगच म्हणाले, "मग चांगलं आहे."

शिकत असताना बऱ्याच विद्यापीठांत सेमेस्टरच्या फीमध्येच प्रवासाचं तिकीट येतं. विद्यार्थ्यांना ते डॉइचलँड तिकिटाच्या ६० टक्के किमतीत मिळायची सोय आहे, म्हणून आपल्या लक्षातच राहत नाही की आपण पैसे भरतोय. थिसिस जमा झाला, नाव कमी झालं, की ते तिकीट संपतं. नेमकं तेव्हाच आपल्याकडे मोकळा वेळ येतो आणि खिसा रिकामा व्हायला लागतो. खूप जण इथे हात आखडता घेतात. आता परतच जायचंय, कशाला साठ युरो घालवायचे, असं म्हणत खोलीत बसून सामान विकायच्या जाहिराती टाकत राहतात. माझ्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने शेवटचे पाच आठवडे असेच काढले. त्याचे दोन जिवलग मित्र तासाभराच्या अंतरावर होते.

आमचं टोळकं चौघांचं. मी माग्डेबुर्गला, चोपड्याचा दादा ब्राउनश्वाइगला, धुळ्याची ताई लायप्झिगला आणि पाचोऱ्याचा एक जण नोकरीमुळे बर्लिनला. वयाने ताई आणि दादा मोठे, म्हणून पहिल्यापासून ताई-दादाच. माग्डेबुर्ग मधोमध: ब्राउनश्वाइग तासाभरावर, लायप्झिग आणि बर्लिन दीड-पावणेदोन तासांवर. दोन वर्षं आम्ही "भेटू रे, परीक्षा होऊ दे" यातच काढली. एकेका फेरीचं सुटं भाडं बघून बेत पुढे ढकलला जायचा. तिकीट चौघांकडेही आल्यावर ते बोलणंच बंद झालं. दादा संध्याकाळी काम संपलं की फोन करायचा, "काय करी राह्यनी? निघू का?" आणि भात टाकेपर्यंत स्टेशनवर हजर. रात्रीच्या गाडीने परत. फक्त जेवायला शंभर किलोमीटर येणं आणि जाणं. मला या तिकिटाची सगळ्यात मोठी किंमत इथे वाटते, पर्यटनात नाही. फेरीचा हिशोब डोक्यातून गेला की माणूस कारण न शोधता येतो.

आणि गाडीतला वेळ. जलद गाडीने बर्लिनहून समुद्राकडे किंवा डोंगराकडे पटकन पोचता येतं, खरं आहे. पण दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर चार जण समोरासमोर बसलोय, डब्यात पोळीचा चुरमा आणि शेंगदाण्याची चटणी, बाहेर सूर्यफुलांची आणि मक्याची शेतं, असं दोन-अडीच तास दुसरं काहीच करायचं नसतं. ताईच्या लग्नाचं बोलणं, दादाच्या शेतीचं कर्ज, मी परत जाऊन काय करणार, हे सगळं गाडीत बोललो. घरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, गाडीत नेट जातं. (जर्मनीत गावांच्या मधल्या पट्ट्यात नेट जातंच, हे तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा.)

आता जागा. सगळ्या सांगत बसत नाही, मला वाटल्या त्या सांगते.

क्वेडलिनबुर्गला नक्की जा. माग्डेबुर्गहून हाल्बरश्टाटवरून सरळ गाडी आहे, तीच पुढे टालेला जाते. १९९४पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं छोटं गाव. लाकडी चौकटी आणि मधे मातीचं भरण अशी शेकडो वर्षं जुनी घरं, गल्ल्याच्या गल्ल्या. काही भिंती इतक्या कलल्यात की वरचे मजले गल्लीवर ओणवे झालेत. लोक त्यात राहतात, खिडकीत कपडे वाळत असतात. आम्ही तिथे कुठलंही संग्रहालय बघितलं नाही, नुसते फिरलो. पुढे टालेला डोंगराच्या तोंडाशी उतरून बोडे नदीच्या घळीत चालत गेलो.

ब्रोकनबद्दल मात्र नीट ऐका. हार्झ डोंगरातलं हे सर्वांत उंच शिखर, १,१४१ मीटर, म्हणजे आपल्या तोरणमाळाच्या तोडीचं. वर जायला वाफेच्या इंजिनाची मीटरगेज गाडी आहे. डॉइचलँड तिकीट त्या गाडीला चालत नाही, वेगळं भाडं पडतं आणि ते भारी आहे. आम्ही वेर्निगेरोडेपर्यंत रेल्वेने, पुढे शीर्केपर्यंत बसने गेलो आणि तिथून पायी चढलो. दोन-अडीच तासांची चढण, शेवटी दगडांतून. पण खरं सांगायचं तर पाचोऱ्याच्या मित्राला चढणीत रस नव्हताच, त्याला ते इंजिन बघायचं होतं. त्याचं लहानपण पाचोरा-जामनेर नॅरोगेजच्या, आमच्या पीजेच्या, रुळांशेजारी गेलेलं. ती गाडी बंद झाली. इथे डोंगरातली जुनी छोटी गाडी रोज धावते, तिकिटाला लोक रांग लावतात, हे बघून तो बराच वेळ रुळाच्या कडेला उभा राहिला. इंजिन जवळ आलं तेव्हा आधी वास आला, ओल्या कोळशाचा आणि गरम तेलाचा, मग जमिनीत थरथर, मग धूर. ड्रायव्हरने हात केला. यानेही केला. परत येताना तो पूर्णवेळ पीजेबद्दल बोलत होता: कोणत्या वळणावर ती इतकी हळू व्हायची की पोरं उतरून पुन्हा चढायची, शेंदुर्णीला कोण काय विकायला यायचं.

तिथला आणखी एक देखावा मनातून जात नाही. हार्झच्या उतारांवर स्प्रूसची झाडं मैलोन्‌मैल उभी वाळलेली आहेत. २०१८पासूनच्या दुष्काळांनी झाडं अशक्त झाली आणि सालीखालच्या भुंगेऱ्यांनी ती खाल्ली. करड्या रंगाचे नुसते खांब. त्यांच्या बुंध्याशी नवी रोपं, जांभळी फुलं. युरोप हिरवागार असतो असं समजून गेलात तर हेही बघा.

माग्डेबुर्गमध्येच एक गोष्ट आहे जी पर्यटकांच्या यादीत खाली असते, पण खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पोराला आधी दाखवावी अशी. शहराच्या उत्तरेला एल्बे नदीवरून एक कालवा जातो. नदीवरून, म्हणजे पुलावरून. ९१८ मीटर लांब लोखंडी द्रोणी, तिच्यात पाणी भरलेलं आणि त्यातून मालाने भरलेली जहाजं जातात. खाली एल्बे वाहते. २००३ला तो सुरू झाला. त्याआधी जहाजांना वळसा घालून नदीत उतरावं लागायचं आणि नदीचं पाणी कमी झालं की खोळंबा. बस आणि थोडी पायपीट करून आम्ही गेलो. दादाचं शेत चोपडा तालुक्यात, हतनूरच्या पाटावर. पाटाला पाणी कधी सुटणार यावर घरातल्या केळीचं सगळं अवलंबून. तो कठड्याला धरून पुलाचे सांधे बघत राहिला. पाणी कुठेच पाझरत नव्हतं. "काय भो, नदीवर नदी!" एवढंच म्हणाला. मग आमच्या शेजारून खडी भरलेलं एक जहाज इतक्या हळू गेलं की आम्ही त्याच्याबरोबर चालत पलीकडे पोचलो.

समुद्रही केला. बर्लिनला गाडी बदलून रोस्टॉक, तिथून एस-बानने वार्नेम्युंडे. पाच-सहा तास लागतात एका बाजूने, आणि ऑगस्टच्या शनिवारी त्या गाडीत उभं राहायलाही जागा नसते. या तिकिटावर जागा राखून ठेवता येत नाही. जायचं तर मधल्या वारी जा, पहाटेची गाडी धरा. बाल्टिकचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार होतं, ताई मात्र संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. धुळ्याच्या माणसाला समुद्राचं किती अप्रूप असतं ते मी वेगळं काय सांगू.

आणि भरीत. सप्टेंबरच्या एका रविवारी एल्बेच्या काठी, जिथे ग्रिल करायला परवानगी आहे अशा हिरवळीवर, आम्ही भरीत पार्टी केली. आमच्या चौघांनी आपापल्या ओळखीतले लोक बोलावले, सगळे याच तिकिटावर तीन-चार शहरांतून आले: जळगावचे, शहाद्याचे, एक नागपूरची, एक केरळची मुलगी जिला आम्ही दोन वर्षं भरिताबद्दल सांगत होतो. वांगी तुर्की दुकानातली. आपल्या भरिताच्या वांग्यासारखी हिरवी, पांढऱ्या रेषांची नाहीत. काळीजांभळी, साल जाड, आत पाणी जास्त. तेलाचा हात लावून, सुरीने टोचे मारून कोळशावर ठेवली. खोलीतल्या काचेच्या शेगडीवर किंवा ओव्हनमध्ये भाजलेलं वांगं उकडल्यासारखं लागतं, धूर लागत नाही, म्हणून विस्तवच हवा. तुराट्या-पऱ्हाट्या तिथे कुठून आणणार, पण कोळशाने काम केलं. साल सुटली, देठाला धरून सोलली, गर थोडा वेळ चाळणीत ठेवून पाणी जाऊ दिलं. भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती. मोठ्या पातेल्यात लाटण्याने हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला, त्यातच वांगं घोटलं, वरून तेलात परतलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. ताईने लायप्झिगहून कळण्याचं पीठ आणलं होतं, तिच्या आईने पाठवलेलं, पिशवीच्या तळाशी उरलेलं शेवटचं. ज्वारी-उडदाच्या त्या भाकरी तिने आदल्या रात्री जागून थापल्या आणि फडक्यात बांधून पहाटेच्या गाडीने आली. गार भाकरी आम्ही ग्रिलच्या कडेला पुन्हा शेकल्या. पुरतील की नाही म्हणून तिने स्वतः अर्धीच घेतली, तेव्हा केरळच्या मुलीने आपल्यातली तिला मोडून दिली.

हे पॅकेजमध्ये मिळत नाही. पॅरिस पाच वर्षांनी पर्यटक व्हिसावर आईवडिलांना घेऊन बघता येईल, मी बघणार आहे. दादा तोपर्यंत ब्राउनश्वाइगला असेल का, ताई लग्न होऊन कुठे जाईल, आणि आम्ही सगळे एकमेकांपासून दोन तासांच्या आत पुन्हा कधी राहू, याची मला खात्री नाही.

आता उण्या बाजू.

पहिली आणि महत्त्वाची: हे तिकीट म्हणजे दर महिन्याची वर्गणी आहे. आपोआप पुढे चालू राहते. चालू महिन्याअखेर बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. ११ तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे पैसे गेले, तुम्ही भुसावळला बसलेले असलात तरी. पैसे बँक खात्यातून थेट वळते होतात, म्हणून आधी तिकीट रद्द करा, शेवटचा हप्ता जाऊ द्या, मगच जर्मन खातं बंद करा. उलटं केलं तर हप्ता परत जातो आणि दंडाची पत्रं अशा पत्त्यावर येतात जिथे तुम्ही आता राहत नाही.

दुसरी: महिना १ तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. २० तारखेला घ्यायचा विचार असेल तर दहा दिवसांसाठी पूर्ण पैसे परवडतात का बघा. नेमके एक-दोनच दिवस फिरायचं असेल, किंवा भारतातून कुणी भेटायला आलं असेल, तर राज्यांचं दिवसाचं गट तिकीट स्वस्त पडतं. पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं, रेगिओनाल गाड्यांतच, आणि कामाच्या दिवशी सकाळी ९नंतर चालतं. माग्डेबुर्ग ज्या राज्यात आहे त्या साक्सेन-अन्हाल्टचं घेतलं तर ते शेजारच्या साक्सेन आणि ट्युरिंगेन राज्यांतही चालतं. नागपूरची मैत्रीण आईला घेऊन अशीच फिरली.

तिसरी: तिकीट तुमच्या नावावर, दुसऱ्याला देता येत नाही. तपासनीस मोबाइलवरचा कोड स्कॅन करतो आणि ओळखपत्र मागू शकतो, म्हणून रहिवासाचं कार्ड किंवा पासपोर्ट जवळ हवा. मोबाइलची बॅटरी संपली तर तिकीट दाखवायला काही उरत नाही. पॉवर बँक ठेवा. सायकलला साधारणपणे वेगळं तिकीट लागतं.

चौथी, वेळेची. एकदा हार्झहून परतताना एका कंपनीची गाडी उशिरा आली, पुढची सुटून गेली आणि आम्ही रात्री छोट्या स्टेशनवर तासाभराहून जास्त वेळ थांबलो. जवळ एकही दुकान उघडं नव्हतं. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात तेव्हा गाडीऐवजी बस लावतात, ती गावागावांतून जाते आणि वेळ दुप्पट होतो. निघायच्या दिवशी सकाळी जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर ॲप उघडून फक्त स्थानिक गाड्या दाखवा असं निवडून पुन्हा एकदा तपासा, आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीवर कधीच विसंबू नका, तिच्या आधीची धरा. विमान पकडायला तर या गाड्यांनी अजिबात जाऊ नका. फ्रांकफुर्टच्या विमानासाठी मी वेगळं जलद गाडीचं तिकीट काढलं, आणि ते पैसे अजिबात खटकले नाहीत.

लांबची शहरंही यात जमत नाहीत. माग्डेबुर्गहून म्युनिकला अशा गाड्यांनी जायचं तर दिवस जातो. आजूबाजूच्या दीडशे-दोनशे किलोमीटरमध्ये फिरणार असाल तर सोनं आहे. देशाची टोकं गाठायची असतील तर नाही.

शेवटचा आठवडा मात्र प्रवासाला ठेवूच नका. पत्त्याची नोंद रद्द करणं, ज्याला तिथे आबमेल्डुंग म्हणतात, घर सोडायच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं, त्यामुळे ते काम शेवटीच येतं. त्याचा कागद नीट जपा. रेडिओ-टीव्हीची महिन्याची १८.३६ युरोची वर्गणी, विमा, मोबाइल, सगळं बंद करायला तोच लागतो. खोलीची साफसफाई, अनामत रक्कम, किल्ल्या, उरलेली भांडी मित्रांना वाटणं, यात दिवस कसे जातात कळत नाही. माझा कुकर दादाकडे आहे, खलबत्ता ताईकडे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या १० तारखेच्या नियमासाठी कापला, कारण परतणाऱ्या माणसाला तो सगळ्यात जास्त भोवतो.

माझा चुलत भाऊ सध्या स्टुटगार्टला आहे, मार्चअखेर सावद्याला परत येतोय. त्याला काल फोनवर सांगितलं: फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिने घे, १० मार्चच्या आत रद्द कर आणि रद्द झाल्याचा मेल जपून ठेव. बोडनझे तळ्याकडे जाणाऱ्या गाड्या शनिवारी भरतात, तेव्हा मधल्या वारी जा. तुझा फ्रायबुर्गचा मित्र दोन वर्षं बोलावतोय ना, त्याच्याकडे आधी जा, बाकीचं नंतर बघ.